गावात प्रकल्पाचा प्रस्ताव आला तर: कोकण किनाऱ्यावर हरकत नोंदवण्याची रीत

कोकणात बहुतेकांना जमिनीचा निर्णय कळतो तो जेसीबी सड्यावर (गावाजवळच्या कातळी माळावर) चढल्यावर. निर्णय मात्र त्याच्या कितीतरी महिने आधी झालेला असतो. वर्तमानपत्रातली बारीक टायपातली नोटीस, नगररचना कार्यालयातला नकाशा, ग्रामपंचायतीची ठरावाची वही, अशा ठिकाणी तो हळूहळू घडत असतो. त्या काळात गावकऱ्यांनी बोलावे म्हणून कायद्याने दिवस राखून ठेवले आहेत. ते मोजके असतात आणि एकदा गेले की मोर्चा काढूनही परत मिळत नाहीत. नव्याने निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य, शिकून गावी परतलेली मुले आणि मुंबईत राहून गावच्या सातबारावर नाव असलेली माणसे, या सगळ्यांनी ही रीत आधीच समजून घेतलेली बरी.

आधी ठरवा: निर्णय कोणाच्या हातात आहे

चुकीच्या कार्यालयात दिलेली चांगली हरकतही वाया जाते. मालवण, वेंगुर्ले, मुरुड, श्रीवर्धन अशा शहरांत नगरपरिषद आणि गुहागर, दापोलीसारख्या ठिकाणी नगरपंचायत हे नियोजन प्राधिकरण. शहराची विकास योजना तिथे पाहायला मिळते. शहराबाहेरच्या गावांना प्रादेशिक योजना लागू होते, उदाहरणार्थ रत्नागिरी-सिंधुदुर्ग प्रदेशाची. तिथे जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे नगररचना कार्यालय (अलिबाग, रत्नागिरी, ओरोस) यांच्याशी गाठ पडते.

तिसरी शक्यता विशेष नियोजन प्राधिकरणाची. शासन एखाद्या पट्ट्यासाठी अधिसूचना काढून महामंडळाला हे अधिकार देते आणि कित्येकदा गावाला त्याचा पत्ता नसतो. २०२४ मध्ये किनाऱ्यावरच्या गावांबाबत अशा अधिसूचना निघाल्या होत्या. म्हणून जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयाला एक ओळीचे पत्र द्या: 'मौजे अमुक, तालुका अमुक, या गावासाठी आजच्या तारखेस नियोजन प्राधिकरण कोण आहे, ते लेखी कळवावे.' उत्तर आले की त्याच्या झेरॉक्स काढून ठेवा, पुढे प्रत्येक अर्जाला लागतील.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर आणखी एक दार आहे, मुंबईचे महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. बांधकाम २०,००० चौरस मीटरपासून पुढे असेल, किंवा खाण, बंदर, मोठा कारखाना असेल, तर पर्यावरण मंजुरीही लागते. एकच प्रस्ताव एका वेळी तीन टेबलांवर असू शकतो आणि प्रत्येक टेबलाची मुदत वेगळी असते.

नोटिशीतले कलम पाहा

नोटीस लांबलचक असते, पण तिचा जीव कलमाच्या आकड्यात असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधली तीन-चार कलमे ओळखता आली की प्रस्ताव कुठल्या टप्प्यावर आहे ते लगेच कळते.

कलम २० म्हणजे प्रादेशिक योजनेत फेरबदल. शेती किंवा ना-विकास विभागातली जमीन पर्यटन, औद्योगिक वा रहिवास विभागात टाकायची असेल तर हे कलम दिसते. कलम २६ म्हणजे शहराच्या विकास योजनेचा संपूर्ण प्रारूप आराखडा. कलम ३७ म्हणजे मंजूर विकास योजनेतला किरकोळ फेरबदल. 'किरकोळ' या शब्दावर जाऊ नका. रस्त्याची रुंदी बदलणे किंवा एखादे आरक्षण उठवणे हेही याच कलमाखाली येते. कलम ३७ ची मुदत एक महिन्याची, आणि नगरपरिषदेच्या आराखड्याला साधारणपणे ३० दिवस मिळतात. तरीही नोटिशीत छापलेली तारीखच खरी धरा. मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून की वर्तमानपत्रातल्या, हेही तिथेच लिहिलेले असते. गणपतीत किंवा शिमग्यात नोटीस आली तरी दिवस थांबत नाहीत.

कलम ४४ आणि ४५ ही एकेका बांधकामाच्या परवानगीची. इथे शेजाऱ्यांना सहसा जाहीर नोटीस निघत नाही, त्यामुळे हे प्रकरण चौकशी करूनच कळते. म्हणून योजनेच्या टप्प्यावर, म्हणजे २०, २६ आणि ३७ या कलमांखाली, बोलणे सर्वांत मोलाचे. एकदा जमीन पर्यटन विभागात गेली की तिथल्या रिसॉर्टला 'इथे नको' म्हणायला आधार फार थोडा उरतो.

शहरात नवा आराखडा बनत असेल तर आणखी आधी जागे व्हा. आराखड्यापूर्वी विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार होतो. त्यात सुपारीची बाग 'मोकळी जागा' किंवा मासळी सुकवायचे खळे 'पडीक' असे रंगले, तर पुढचे सगळे त्याच चुकीवर उभे राहते.

नकाशावर आपला सर्व्हे नंबर शोधा

प्रारूप नकाशा कार्यालयात पाहायला खुला असतो. तो पाहण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकून वाट पाहत बसू नका, उत्तराच्या ३० दिवसांतच हरकतीची मुदत संपते. थेट जा, नोटिशीची प्रत दाखवा, नकाशा मागा, फोटोची परवानगी विचारा, आणि भाग नकाशाची प्रमाणित प्रत शुल्क भरून घ्या.

सोबत सातबारा, गावचा नकाशा आणि जुनी मोजणी असेल तर ती न्या. आपल्याकडे एका सर्व्हे नंबरचे दहा-वीस हिस्से असतात आणि नोटिशीत कधी नुसता सर्व्हे नंबर येतो, हिस्सा येत नाही. मग आपला हिस्सा आत आहे की बाहेर, हे कोणालाच नीट सांगता येत नाही. नकाशावर तो सापडत नसेल तर तेच हरकतीचे पहिले कलम करा: 'हिस्सानिहाय क्षेत्र दाखवलेले नाही, त्यामुळे परिणाम तपासता येत नाही.'

प्रमाण पाहायला विसरू नका. किनारा व्यवस्थापनाचा जिल्हा नकाशा १:२५,००० प्रमाणात असतो, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर. अर्धा मिलिमीटर जाडीच्या रेघेखाली साडेबारा मीटर जमीन दडते. माडांत साडेसात मीटरचे अंतर धरले तर एक अख्खी ओळ रेघेत गेली. म्हणून या नकाशावरून 'माझे घर रेषेबाहेर आहे' असे कोणी बोट ठेवून सांगितले तर मान डोलावू नका. गावपातळीचा, सर्व्हे नंबर दाखवणारा सुमारे १:४,००० प्रमाणाचा नकाशा मागा.

सातबारावर 'पोटखराबा' (लागवडीस अयोग्य) लिहिलेल्या सड्याला पुष्कळ लोक निरुपयोगी जमीन समजतात. पावसाळ्यात याच कातळावर पाणी साठते आणि त्यातले बरेचसे खालच्या वाडीच्या विहिरींत झिरपते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पेही याच सड्यांवर आहेत, आणि बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी अशा ठिकाणची शिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. सड्यावरचा प्रस्ताव असेल तर आधी सडा पायी फिरा. पाणवठे, गुरांच्या वाटा, देवस्थानाची जागा, शिल्पे, सगळ्याचे फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह घ्या. हिशेबात धरावे असे कोणी दाखवून दिले नाही तर फाइलीत त्या जागेसाठी 'खडकाळ, पडीक' एवढेच दोन शब्द राहतात.

भरतीरेषा आणि किनारा नियमन

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश समजून घ्या. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची, नंतर २०११ ची आणि आताची १८ जानेवारी २०१९ ची. २०१९ च्या सवलती लागू व्हायला त्या अधिसूचनेप्रमाणे केलेला जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झालेला असावा लागतो. तोवर २०११ चाच आराखडा चालतो. पहिला प्रश्न म्हणून हेच विचारा: प्रस्ताव कोणत्या आराखड्यावर तपासला? उत्तरात वर्ष आणि नकाशाचा शीट क्रमांक आलाच पाहिजे.

भरतीरेषा म्हणजे गेल्या अमावास्येला पाणी जिथवर आले ती जागा असे आपण समजतो. कायद्याची भरतीरेषा अधिकृत संस्थेने आखलेली असते आणि नकाशावर असते. तिच्यापासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत नियमन चालते. ग्रामीण भागाचे दोन प्रकार आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर ३-अ, तिथे ना-विकास पट्टा ५० मीटरचा. त्याहून कमी वस्ती असेल तर ३-ब, तिथे तो २०० मीटरचा. हिशेब घरी करता येतो: गावाची लोकसंख्या १,२००, क्षेत्र ३०० हेक्टर म्हणजे ३ चौरस किलोमीटर, घनता ४००. म्हणजे गाव ३-ब मध्ये. आपल्या विखुरलेल्या वाड्यांच्या गावांत २,१६१ चा आकडा सहसा गाठला जात नाही. म्हणून कोणी '५० मीटर सोडले की झाले' म्हणाले तर त्यांना घनतेचा हिशेब विचारा.

खाडीकाठी २०१९ प्रमाणे मर्यादा ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी असेल ते. २०११ च्या आराखड्यात हेच अंतर १०० मीटर होते. खाडीचा भरतीप्रभाव आत कुठवर धरायचा हे पाण्याच्या क्षारतेवर ठरते: सर्वांत कोरड्या काळात हजारात ५ भाग. मे महिन्यात खारे पाणी किती आत चढते हे जुन्या होडीवाल्यांना ठाऊक असते. त्या जागी मे मध्ये पाण्याचा नमुना घेऊन प्रयोगशाळेचा दाखला जोडा. पावसाळ्यातल्या नमुन्याचा इथे काहीही उपयोग नाही.

कांदळवन १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर त्याच्याभोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टा लागतो. प्रस्तावाच्या नकाशात कांदळवन 'झुडपे' म्हणून दाखवलेले असू शकते. त्याची सीमा पायी फिरून मोबाइलवर नोंदवा आणि जुन्या उपग्रह चित्रांशी ताडून पाहा. झाडे अलीकडे तोडली असतील तर तेही त्यातच दिसेल. खाजणाच्या (खाडीकाठच्या खारट जमिनीच्या) बाबतीत खारबंधारा, म्हणजे भरतीचे पाणी अडवणारा बांध, कधी बांधला, ते वर्ष शोधा. भरतीरेषा बंधाऱ्यावरून की आतून, हा वाद त्या वर्षावर फिरतो आणि खारभूमी कार्यालयाच्या नोंदीत ते सापडते.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. गावातल्या कोणी आपल्या जुन्या घरात, जोते, रचना आणि दर्शनी भाग न बदलता पाहुणे ठेवले, तर २०१९ च्या अधिसूचनेत त्याला मुभा आहे. निवास-न्याहारी चालवणाऱ्या शेजाऱ्याला आणि पुळणीवर नवी भिंत घालणाऱ्या कंपनीला एकाच हरकतीत कोंबू नका. त्यात गावही फुटते आणि हरकतही.

प्रस्तावाच्या फाइलीत काय पाहायचे

सातबारावरच्या सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या आहेत का, हे पहिले. सामाईक सातबारावर पंचवीस नावे आणि संमती चौघांची, असे आढळले तर अर्ज अपुरा आहे एवढेच लेखी दाखवा. मालकीचा निवाडा नियोजन प्राधिकरण करत नाही, त्यामुळे भाऊबंदकीचा इतिहास तिथे लिहू नका. 'खाजगी वने', कुळकायदा किंवा भोगवटादार वर्ग २ असे शेरे असतील तर फेरफाराची नक्कल जोडा.

पाण्याचा हिशेब मात्र बारकाईने करा, कारण बहुतेक प्रस्तावांत तो एका ओळीत उरकलेला असतो: 'विहीर/बोअरवेल'. हॉटेलसाठी दर खाटेला रोज १८० लिटर हा रूढ हिशेब आहे. ४० खोल्या, ८० खाटा, म्हणजे रोज १४,४०० लिटर. त्याच वाडीतली ३० घरे, घरात ५ माणसे आणि जलजीवन मिशनच्या दराने माणशी ५५ लिटर धरले तर होतात ८,२५० लिटर. एक हॉटेल अख्ख्या वाडीच्या पावणेदोन पट पाणी ओढणार, तेही ऐन मे महिन्यात. १२ बाय ६ मीटरचा, सव्वा मीटर खोल पोहण्याचा तलाव असेल तर तो एकदा भरायला आणखी ९०,००० लिटर. किनाऱ्याजवळ उपसा वाढला की गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि विहिरीत खारे पाणी शिरते, आणि ते परत गोडे व्हायला कैक पावसाळे जावे लागतात. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसा स्थानिक वस्तीच्या वापरापुरताच मान्य आहे, हे जोडून लिहा. वाडीतल्या पाच विहिरींची पाण्याची पातळी मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी दोरीने मोजून वहीत लिहिलेली असेल तर असा पुरावा सुनावणीत खोडणे फार अवघड जाते.

सांडपाण्याचा शोषखड्डा कुठे आहे ते स्थळ आराखड्यावर शोधा आणि जवळच्या विहिरीपर्यंतचे अंतर मीटरमध्ये लिहा. जांभा सच्छिद्र असतो. त्यातून मैलापाणी मातीसारखे गाळून जात नाही, भेगांतून सरळ उताराने निघते.

उतारही मोजा. १:५ पेक्षा जास्त चढाच्या जमिनीवर विकास नको, हा सर्वसाधारण नियम आहे. गवंड्याची पाण्याची नळी घ्या, उताराच्या दिशेने आडवे ५ मीटर अंतर धरा आणि दोन टोकांच्या उंचीतला फरक पाहा. एक मीटरपेक्षा जास्त भरला की फोटो काढा. तीन ठिकाणी मोजा, एका ठिकाणचे माप 'अपवाद' म्हणून उडवले जाते. शेवटी व्हाळ आणि पऱ्या (पावसाळी ओढे) पाहा. उन्हाळ्यात मोजणी झालेल्या नकाशात ते गायब असतात, म्हणून जुलैचा फोटो हवाच.

मोठा प्रकल्प तुकडे करून आणला आहे का, तेही तपासा. शेजारशेजारचे चार अर्ज, एकच वास्तुविशारद, एकच रस्ता, प्रत्येक बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या जरा खाली, असे दिसले की चारही फाइलींचे क्रमांक एका तक्त्यात मांडा.

ग्रामसभा

ग्रामसभेच्या ठरावासाठी गणपूर्ती (किमान हजेरी) हवी: १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांतली कमी असेल ती संख्या. 'ग्रामसभेचा विरोध आहे' एवढाच ठराव लिहिला तर वरचे कार्यालय तो नोंद घेऊन बाजूला ठेवते. ठरावात पाण्याचा आकडा, व्हाळाचा सर्व्हे नंबर, रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी लिहा. पूर्वी कधी सरसकट 'ना हरकत' दिली गेली असेल तर त्या ठरावाची तारीख शोधून, ती कोणत्या माहितीवर दिली होती ते नव्या ठरावात नोंदवा.

हरकत लिहिताना

एका मुद्द्याला एक परिच्छेद: जागा, वस्तुस्थिती, नियम, पुरावा, मागणी. असा:

'मौजे ___, सर्व्हे क्र. ___, हिस्सा क्र. ___ च्या उत्तर हद्दीवरून पावसाळी व्हाळ वाहतो (फोटो १ ते ३, जुलै). प्रस्तावाच्या स्थळ आराखड्यात तो दाखवलेला नाही. त्या जागी संरक्षक भिंत प्रस्तावित असल्याने पाणी वरच्या वाडीतील घरांत तुंबेल. संयुक्त स्थळपाहणी करून व्हाळ नकाशावर घ्यावा व तोपर्यंत प्रस्ताव मंजूर करू नये.'

मागणी शेवटी हवीच. पूर्ण फेटाळणी मागत असाल तरी 'मंजुरी दिल्यास पुढील अटी घालाव्यात' असा परिच्छेद जोडा. त्याने विरोध कमजोर होत नाही आणि मंजुरी झालीच तर गावाच्या हाती अटी राहतात. 'मला प्रत्यक्ष सुनावणी हवी' हे वाक्य स्वतंत्र ओळीत लिहा.

एकाच छापील मजकुरावर पाचशे सह्या केल्या तर बहुधा एकच हरकत मोजली जाते. पंधरा घरांनी आपापल्या विहिरीचा, बागेचा, वाटेचा मुद्दा घेऊन पंधरा अर्ज दिले तर पंधरा उत्तरे द्यावी लागतात. मच्छीमारांनी जाळी सुकवण्याची आणि होड्या ओढण्याची जागा नकाशावर स्वतः आखून द्यावी. मुंबईकरांनी स्वतःच्या सहीने पोस्टाने अर्ज पाठवावा, पण मुदतीच्या आठ दिवस आधी. हातोहात देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक नसेल तर कार्यालयाच्या लेखी तुमची हरकत आलेलीच नाही.

सुनावणी

वाट्याला पाच मिनिटे येतात. तीन मुद्दे, एक नकाशा, आणि बोलून झाल्यावर लेखी म्हणणे दोन प्रतींत. पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी वेगळी असते. तिला किमान ३० दिवसांची सूचना लागते, प्रकल्पाचा सारांश मराठीत उपलब्ध असावा लागतो, चित्रीकरण होते आणि शेवटी कामकाजाचा गोषवारा तिथेच वाचून दाखवावा लागतो. तो वाचून होईपर्यंत जागा सोडू नका. आपला मुद्दा त्यात राहिला असेल तर तिथेच उभे राहून सांगायचे असते.

निर्णय आल्यानंतर

पहिल्याच आठवड्यात आदेशाची अटींसह प्रत मागा. कलम ४७ खालचे शासनाकडचे अपील ४० दिवसांचे, पण ते अर्जदारासाठी आहे, हरकतदाराला ते उपयोगाचे नाही. ज्यांचा स्वतःचा अर्ज नाकारला गेला त्यांनी मात्र ते दिवस मोजावेत. हरकतदाराचे मार्ग वेगळे. पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो, त्यापुढे नाही. नियमच मोडले असतील तर उच्च न्यायालय. वकिलाकडे जाताना आवक शिक्क्याची हरकत, सुनावणीचे म्हणणे आणि आदेश, हे तीन कागद सोबत हवेत.

किनाऱ्यावरच्या उल्लंघनासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते. तिच्यात पारंपरिक किनारी समाजाचे, मच्छीमार धरून, किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत. आपल्या जिल्ह्यात ते तिघे कोण आहेत ते लेखी विचारा आणि तक्रारीची एक प्रत त्यांनाही द्या.

बांधकाम परवानगी एक वर्षाची असते. ती वर्षावर्षाने वाढवता येते, पण वाढीव मुदत एकूण तीन वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून जुन्या परवानगीवर अचानक काम सुरू झाले तर आधी प्रारंभ प्रमाणपत्राची (काम सुरू करण्याच्या परवानगीची) तारीख आणि नूतनीकरणाचे कागद मागा. जोते बांधून झाल्यावर त्याची तपासणी होते. अटीप्रमाणे व्हाळ मोकळा आहे का, सोडलेले अंतर बरोबर आहे का, हे त्याच वेळी टेपने मोजून फोटोसह कळवा. स्लॅब पडल्यावर तीच तक्रार दिली तर पाडण्याची नोटीस, स्थगिती आणि तारखा यांत वर्षे जातात. जोत्याच्या वेळी चार चिरे हलवून काम भागते.